मास्टर, बटण जड झालंय!

ऐन रंगात आलेला ट्रंपेट भर वरातीत गप्प का झाला? यवतमाळच्या एका बँड मास्टरांचं बोट, धातूच्या तीन छोट्या नळकांड्या आणि सोनाराचा काटा यांची ही गोष्ट.

मे महिना, संध्याकाळचे सात आणि गाव यवतमाळ. सूर्य गेला होता, पण डांबर अजून तव्यासारखं तापलेलं. माझ्या चुलतभावाची परण्या निघाली होती. (परण्या म्हणजे आमच्या विदर्भातली नवरदेवाची मिरवणूक. पुण्या-मुंबईकरांनी वरात समजून पुढे वाचावं.) घोड्यावर नवरदेव, त्याच्यापुढे पोरांचा घोळका, घोळक्यापुढे दोन ट्रंपेट, एक इफोनियम, ढोल, साइड ड्रम आणि हातगाडीवर कॅसिओ. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये हाडं खिळखिळी करून आलेली मी. नाचायची हौस भरपूर, दम शून्य. दहा मिनिटांत धाप लागली आणि मी बँडच्या मास्टरांच्या बाजूला येऊन उभी राहिले.

म्हणूनच ते मला दिसलं. नागीण डान्स रंगात आला होता, दोघं तरुण रुमाल तोंडात धरून रस्त्यावर लोळायच्या बेतात होते, आणि अचानक मास्टरांचा ट्रंपेट बंद पडला. तिसरं बटण खाली गेलं ते वर आलंच नाही. मास्टरांनी डाव्या हातानं तिथं काहीतरी ओढलं, चेहरा वेदनेनं आवळला, आणि वीसेक सेकंदांत सूर पुन्हा सुरू. तोवर ढोलवाल्यानं असा काही ठेका लावून धरला होता की नाचणाऱ्यांच्या बापालाही पत्ता लागला नाही. दुसऱ्या ट्रंपेटवरच्या पोरानं मात्र वळून पाहिलं. तो मास्टरांचा भाचा, हे मला नंतर कळलं.

रात्री जेवणाच्या पंगतीत मी माझं ज्ञान पाजळलं. ‘मास्टर, मघाशी तुमचं बटण अडकलं होतं ना? तेल घातलं नव्हतं का?’

मास्टर हसले. ‘उद्या सकाळी दुकानी या जी मॅडम. बटण दाखवतो तुमाले.’

बँडचं ‘दुकान’ म्हणजे एक शटर. आत भिंतीवर लाल-सोनेरी कोट टांगलेले, खाली ढोल, एका कोपऱ्यात झुंबरासारखे वरातीचे दिवे आणि त्यांच्या वायरींचं जंगल. मास्टरांनी खाटेवर स्वच्छ फडकं अंथरलं आणि ट्रंपेट उघडला. मोबाइलची बॅटरी काढावी इतक्या सहज तीन पिस्टन बाहेर आले. करंगळीहून थोडे जाड, आरपार भोकं असलेले, निकेलच्या मुलाम्यानं चकाकणारे. एका पिस्टनचा मुलामा एका बाजूनं उडून आतलं पितळ पिवळं दिसत होतं.

हे तीन पिस्टन नक्की करतात काय? सोप्पं आहे. नुसता बिगुल डोळ्यांसमोर आणा. त्याला बटणं नाहीत, म्हणून त्यातून ठरावीक चार-पाच सूरच निघतात. ओठ कितीही आवळा, मधले सूर मिळत नाहीत. नळी लांब केली की सूर खाली जातो, पण वाजवता वाजवता नळी लांब करणार कशी? उत्तर आपल्या पीडब्ल्यूडीला पाठ आहे : डायव्हर्शन! बटण दाबलं की पिस्टन खाली सरकतो, त्याची भोकं बाजूच्या जादा नळीच्या तोंडाशी येतात आणि हवा वळसा घालून जाते. मधलं बटण सूर अर्ध्या स्वरानं उतरवतं, पहिलं एका स्वरानं, तिसरं दीड स्वरानं. तिघांच्या जोड्या लावा, सगळे सूर हजर.

ही युक्ती जर्मनांची. हाइनरिश श्टोल्झेल आणि फ्रीडरिश ब्लूमेल या दोघांनी १८१८ मध्ये प्रशियात झडपेचं पेटंट घेतलं. आज ट्रंपेटमध्ये दिसतो तो पिस्टनचा नमुना त्यानंतर वीसेक वर्षांनी, १८३९ च्या सुमारास, पॅरिसच्या पेरिने या कारागिरानं बसवला. म्हणजे आपण दर दोन वर्षांनी मोबाइल बदलतो, आणि इथे पावणेदोनशे वर्षं तेच मॉडेल चालू आहे. आपल्याकडे ही वाद्यं फौजी बँडांबरोबर आली आणि मेरठमध्ये स्थिरावली. ब्रिटिश फौजेच्या बँडमध्ये असलेल्या नादिर अली यांनी १८८५ मध्ये तिथं कंपनी सुरू केली. मेरठची जली कोठी हा भाग आज देशभरच्या बँडवाल्यांचा बाजारच. यवतमाळच्या मास्टरांचा ट्रंपेटही मेरठचा. वडिलांनी घेतलेला, मास्टरांनी तीनदा डाग देऊन सांभाळलेला.

भाच्याचा ट्रंपेट वेगळा. ऑनलाइन मागवलेला, चकचकीत, बटणं अशी मऊ की नव्या लॅपटॉपचा कीबोर्ड आठवावा. मी दोन्ही हातात घेऊन बटणं दाबून पाहिली. फुंकायची माझी लायकी नाही (प्रयत्न केला, म्हैस रेकली), पण दाबणं कुणालाही जमतं. आणि खरंच, फरक भयंकर होता. भाच्याचं बटण ‘टुक’ करून खाली, ‘टुक’ करून वर. मास्टरांचं बटण खाली ढकलायला सरळ जोर लागत होता. तिसरं तर माझ्या अनामिकेला झेपेचना.

‘मामाले कितीखेपा सांगतलं, नवा घ्या,’ भाचा म्हणाला. ‘यायचा पिस्टनच वजनदार हाय, ताई. जुना माल.’

‘वजनदार हाय म्हणून तर आवाज वजनदार हाय,’ मास्टर म्हणाले.

हाच तो वाद. आणि मी बाहेरची, पेपरवाली, म्हणून मला पंच नेमण्यात आलं.

सोनाराच्या काट्यावर

लग्नघर असल्यामुळे सोनाराकडे माझी वट होती. चार दिवसांपूर्वीच काकूनं तिथं पाटल्या घेतल्या होत्या. मी दोन्ही ट्रंपेटचे तिसरे पिस्टन रुमालात बांधून त्याच्या काउंटरवर ठेवले. त्यानं चष्मा वर केला. ‘ह्यात सोनं किती निघंन म्हनता?’

काट्यावर मास्टरांचा पिस्टन जड भरला, हे अपेक्षितच. पण किती जड? भाच्याच्या पिस्टनसोबत पाच रुपयांचं एक नाणं ठेवलं तेव्हा कुठे आकडे जुळायला आले. बास! मी थोडी खट्टूच झाले. ज्या फरकासाठी मामा-भाच्यात अबोला होतो, तो पाच रुपयांच्या नाण्याएवढा?

परत येऊन मी हे सांगितलं तेव्हा दोघंही खूश. भाचा म्हणाला, पाहा, जड आहेच. मास्टर म्हणाले, पाहा, फरक काहीच नाही. पंचाची ही अशी गत होते.

मग मी माझ्या डोक्यातलं बारावीचं फिजिक्स बाहेर काढलं. घाबरू नका, गणित एकच आहे. पिस्टनच्या खाली किंवा वर एक स्प्रिंग असते. आपण बटण दाबतो, ती आवळते. बोट उचललं की ती पिस्टनला वर आणते. आता स्प्रिंग तीच ठेवून पिस्टन हलका केला, तर तो लवकर वर येणार, बरोबर. पण वजन निम्मं केलं तरी वेळ निम्मा होत नाही. वेळ वजनाच्या वर्गमुळाच्या हिशेबात बदलतो. वजन निम्मं, तर वेळ फक्त तीसेक टक्क्यांनी कमी. वजन दहा टक्के कमी, तर वेळ जेमतेम पाच टक्के कमी. एवढा फरक नागीण डान्सच्या धुमाळीत खुद्द नागोबालाही कळायचा नाही.

मग माझ्या बोटाला जाणवलेला तो दणदणीत फरक आला कुठून?

स्प्रिंगेतून. बोटाला पिस्टनचं वजन जवळजवळ लागतच नाही. बटण खाली दाबताना तर ते वजन आपल्याच बाजूनं असतं, खाली ओढत असतं. बोटाला लागते ती त्या वजनाला परत वर आणण्यासाठी बसवलेली स्प्रिंग. पिस्टन जड, म्हणून स्प्रिंग कडक, म्हणून बोटाला त्रास. हलक्या पिस्टनचा खरा फायदा हा की त्याला नरम स्प्रिंग पुरते. फरक वेगात थोडा पडतो, थकव्यात पुष्कळ. तुमच्या बाइकचा क्लच आठवा. शोरूममधून आणली तेव्हा आणि केबल कुरकुरायला लागली तेव्हा गाडी तेवढ्याच वेगानं धावत होती, पण सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर काढल्यावर तुमच्या डाव्या पंजानं कुणाला शिव्या दिल्या?

आणि बँडवाल्याचा तास आपल्यासारखा नसतो. मास्टर एका लग्नात मधे मधे थांबत चारेक तास वाजवतात. मिनिटाला साठच दाब धरा, तीन बटणं मिळून. चार तासांचे झाले १४,४००. सीझनमध्ये एका दिवशी दोन लग्नं असतात.

पैसेवाल्यांचे पिस्टन

जगभरच्या कारागिरांनी यावर बरंच डोकं चालवलंय. पिस्टन भरीव नसतोच, तो पातळ पत्र्याची नळी असतो आणि त्यात आडव्या नळ्या डाग देऊन बसवलेल्या असतात. धातू कुठला घ्यायचा, हा प्रश्न. पितळेवर निकेलचा मुलामा देणं स्वस्त, पण मुलामा उडाला की खेळ खल्लास. महागड्या ट्रंपेटमध्ये मोनेल नावाचा मिश्रधातू असतो, साधारण दोन तृतीयांश निकेल आणि उरलेलं मुख्यतः तांबं. अमेरिकेतल्या बाखच्या नामांकित ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ ट्रंपेटचे पिस्टन मोनेलचे. गंमत म्हणजे मोनेल पितळेपेक्षा हलका नाही, उलट किंचित जडच आहे. तो वापरतात कारण थुंकी, घाम आणि वाफ त्याला लवकर खात नाहीत. बेसन कंपनीच्या इफोनियममध्ये स्टेनलेस स्टीलचे पिस्टन असतात. (हे बेसन लाडवाचं नव्हे. १८३७ मध्ये पॅरिसला सुरू झालेली, वाद्यं बनवणारी नावाजलेली कंपनी आहे.) स्टील पितळेपेक्षा थोडं हलकं. आणि टायटॅनियम घेतलं तर त्याच आकाराचा पिस्टन जवळपास निम्म्या वजनात होतो. किमतीचं विचारू नका.

एवढं करून ऐकणाऱ्याला काय मिळतं? इथे मास्टरांच्या ‘वजनदार आवाजा’कडे यावंच लागतं. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये रिचर्ड स्मिथ या वाद्यतज्ज्ञानं एक मस्त प्रयोग केला होता. वाद्य ट्रॉम्बोन, त्यात पिस्टन नसतो, पण मुद्दा धातूचाच. पुढच्या घंटेचा पत्रा वेगवेगळ्या जाडीचा, वजन हाताला कळू नये म्हणून समतोल केलेलं आणि वादकांचे डोळे बांधलेले. कसलेल्या वादकांनाही कोणता जाड, कोणता पातळ ते ओळखता आलं नाही. हातांनी आणि डोळ्यांनी चुगली केली नाही, तर कानांना तो फरक सापडेना.

मी हे मास्टरांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्यायनं माहा बाजा कुठं वाजवला?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्यांचा मुद्दा पटलाही. वाजवणाऱ्याला वाद्य ‘कसं लागतं’ यावर तो कसा वाजवेल हे ठरतं, आणि तो कसा वाजवतो यावर आपण काय ऐकतो ते. पिस्टनचं वजन हवेत मिसळत नाही, बोटातून मात्र ते सुरात जातं. मास्टरांनी भाच्याचा ट्रंपेट माझ्यासमोर वाजवून दाखवला. आवाज छान होता, पण बोटं सगळीकडे चुकत होती. तीस वर्षं कडक बटणं दाबलेली बोटं मऊ बटणावर अशी आदळत होती की सुराबरोबर ‘ठक ठक’ ऐकू येई. बटण त्यांच्या अंदाजाआधी वर यायचं. गच्चीच्या जिन्यात एक पायरी जास्त आहे असं समजून पाऊल टाकल्यावर होतं ना, तसं.

‘हात रिकामा वाटते,’ म्हणाले.

बटण आणि बोट

आता परण्येतल्या त्या वीस सेकंदांचं. मी पुन्हा तेच विचारलं : पिस्टन का अडकला?

मास्टरांनी उजवा हात पुढे केला आणि मूठ वळून उघडली. चार बोटं उघडली. अनामिका वाकलेलीच राहिली. डाव्या हातानं त्यांनी ती धरून सरळ केली, तेव्हा ‘कट्ट’ असा आवाज मलाही ऐकू आला.

‘बाजा नाई अडकला मॅडम. बोट अडकलं होतं माहं.’

म्हणजे त्या रात्री ते डाव्या हातानं पिस्टन वर ओढत नव्हते, स्वतःचं बोट ओढत होते.

याला ट्रिगर फिंगर म्हणतात. बोटाची दोरी, म्हणजे स्नायुबंध, ज्या बोगद्यातून सरकते तो बोगदा अरुंद होतो आणि दोरी अडकते. अनामिकेला आणि अंगठ्याला हे जास्त होतं. पकडीच्या, दाबण्याच्या कामानं वाढतं. मधुमेह असला तर शक्यता आणखी. मास्टरांना शुगर आहे. डॉक्टरांनी शुगरकडे बोट दाखवलं (ही कोटी मास्टरांचीच), इंजेक्शन सुचवलं, नाहीतर छोटं ऑपरेशन, आणि दोन्हीआधी विश्रांती. लग्नाच्या सीझनमध्ये बँडवाल्याला विश्रांती! सीझनचे मोजके महिने, त्यावर वर्ष. त्यात डीजे आणि नागपूरकडून आलेलं धुमाल यांनी निम्मी लग्नं आधीच पळवलेली.

अनामिका तशीही बिचारी पंजातली सगळ्यात परावलंबी. तळहात टेबलावर ठेवा, मधलं बोट दुमडून खाली दाबा आणि अनामिका उचलून पाहा. उचलतच नाही! शेजारच्या बोटांशी तिच्या दोऱ्या जोडलेल्या असतात. (ऑफिसात हा खेळ जरूर खेळा, जेवणाच्या सुट्टीत हिट आहे.) आणि ट्रंपेटचं तिसरं बटण नेमकं तिच्याच वाट्याला.

मग मी पोलिसी खाक्यानं विचारायला लागले. बटण आधीपासून एवढं कडक होतं का? मास्टर म्हणाले, नाही, याच वर्षी झालं. भाचा एकदम दिव्यांच्या वायरी गुंडाळायला लागला.

थोडं खोदल्यावर जे बाहेर आलं ते असं. तुळशीचं लग्न आटोपलं, हिवाळ्याचा सीझन सुरू झाला. एका रात्री शिलाई मशीनचं तेल संपलेलं, तर भाच्यानं पिस्टनला खोबरेल लावलं. बाथरूममधली खोबरेलाची बाटली थंडीत दगड होते, हे आपल्याला माहीत आहे. चोवीस अंशांच्या आसपास ते गोठतं आणि यवतमाळची डिसेंबरची रात्र त्याच्या कितीतरी खाली जाते. पिस्टन आणि त्याचं घर यांच्यात मिलिमीटरच्या काही शंभरांश भागाएवढीच फट असते. तिथं खोबरेल थिजलं. बटणं सुस्त झाली, दाबली की सावकाश वर यायला लागली. भाच्याला वाटलं, स्प्रिंगा थकल्या. त्यानं तिन्ही स्प्रिंगा बाहेर काढून चांगल्या ताणल्या आणि परत बसवल्या. काम झालं! बटणं फटाफट वर यायला लागली. पुढे तेल बदललं, उन्हाळा आला, खोबरेल कधीच निघून गेलं, पण ताणलेल्या स्प्रिंगा तशाच राहिल्या. मास्टरांच्या बोटानं डिसेंबर ते मे रोज हजारो वेळा त्या दाबल्या.

मास्टरांनी भाच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता शटर दणाणणार. पण ते एवढंच म्हणाले, ‘तुले इचारलं असतं, तर सांगतलं असतं.’

त्या स्प्रिंगांनीच बोट बिघडलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. शुगर आहे, वय आहे, तीस सीझन आहेत. पण बिघडलेल्या बोटाला रोज कोण डिवचत होतं, ते त्या दुपारी खाटेवरच्या फडक्यावर पडलेलं दिसत होतं. तिन्ही स्प्रिंगा शेजारी शेजारी ठेवल्या तर लांबी तीन तऱ्हेची, आणि तिसरी सगळ्यात लांब.

बाकीची दुरुस्ती मास्टरांनी तासाभरात उरकली, आणि ती पाहणं हा त्या सुट्टीतला माझा सगळ्यात छान तास होता. पिस्टन कोमट पाण्यात साबणानं धुतले, घराच्या आतून काठीला गुंडाळलेलं मऊ फडकं फिरवलं. ते काळं निघालं. लग्नाचा धुरळा, गुलाल, बाकी देव जाणे काय काय. मग बटणाखालच्या नमद्याच्या चकत्या पाहिल्या. त्या झिजल्या की पिस्टन ठरल्यापेक्षा जास्त खाली जातो, भोकं नळ्यांसमोर नेमकी येत नाहीत आणि मग आवाज खरंच बिघडतो. धातू कुठला, वजन किती, यापेक्षा ही चकती आवाजाला जास्त जवळची. यवतमाळच्या बँडवाल्यांनी त्यावर उपाय शोधलाय : जुन्या टोपीचा नमदा.

शेवटी तेलाचे दोन थेंब. पिस्टन परत घालताना मी उत्साहानं दुसरा उचलून पहिल्या घरात सरकवला, आणि मास्टर मंगलाष्टकं थांबवावीत तसे ओरडले. प्रत्येक पिस्टन आपापल्या घराशी घासून बसवलेला असतो, त्यावर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. चुकीच्या घरात घातला की भोकं जुळत नाहीत आणि हवा आतच कोंडते. म्हणूनच भाच्याच्या ट्रंपेटचे हलके पिस्टन काढून मास्टरांच्या ट्रंपेटमध्ये घालू, ही माझी आयडियाही तिथंच बाद झाली.

‘दाबाले सरळ पाह्यजे,’ मास्टर माझी बोटं हातात धरून म्हणाले. बोटाचं पेर बटणावर नीट मधोमध, खाली सरळ. तिरकं दाबलं तर पिस्टन घराच्या एका भिंतीला घासतो, मुलामा एकाच बाजूनं जातो. पिवळ्या पडलेल्या त्या डागाचा अर्थ तेव्हा लागला. तो तिसऱ्या पिस्टनवरच होता. दुखणारं बोट किती महिने तिरकं पडत होतं, ते पितळेवर लिहिलेलं होतं.

तह असा झाला. मेरठला फोन करून त्या मॉडेलच्या नव्या, जरा नरम स्प्रिंगा मागवायच्या. त्या येईपर्यंत वेगवान गाणी भाच्यानं त्याच्या हलक्या ट्रंपेटवर घ्यायची, नवरदेव मारुतीच्या देवळात पोचताना वाजवायची संथ चाल मास्टरांची. सीझन संपला की डॉक्टर. पावसाळ्यात इंजेक्शन झालं. गणपतीत आणि नवरात्रात (यवतमाळचा दुर्गोत्सव काय प्रकरण आहे ते एकदा येऊन बघाच) मास्टर बाजा न घेता, नुसते कोट घालून बँडच्या पुढे चालले. काकू सांगत होती की दोन्ही हात मागे बांधून चालायचे आणि उजव्या हाताची बोटं सारखी हलत असायची.

तुळशीच्या लग्नानंतर आठवड्याभरात भाच्याचा फोन आला. मी लोकलमध्ये लटकत होते.

‘ताई, स्प्रिंगा बसवल्या. काल पहिली परण्या केली मामानं, पूर्ण.’

‘मग? कसं वाटतंय म्हणतात?’

‘म्हणते, लयच नरम हाय. थोड्या ताणून दे म्हणते.’